परदेशी व्यापाराचा विषय आपल्या सभागृहात आणा

प्रति,
पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांचे सर्व नगरसेवक,
तसेच पुणे जिल्हा परिषदेचे सर्व सदस्य

सप्रेम नमस्कार,

भोसरी एमआयडीसीतल्या लहान कारखान्यांचे हिशेब लिहिणं, जीएसटीची विवरणपत्रं भरणं, बँकेचे कागद तयार करणं हा माझा व्यवसाय. गाव जुन्नर तालुक्यात. तिथे भाऊ शेती करतो आणि कांद्याचा हिशेब आम्ही दोघे मिळून ठेवतो. या दोन्ही वह्या शेजारी ठेवून पाहिल्या की एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. कारखान्याची ऑर्डर थांबली ती अमेरिकेने आयातशुल्क वाढवलं म्हणून, आणि कांद्याचा भाव पडला तो आपल्याच केंद्र सरकारने निर्यात बंद केली म्हणून. निर्णय दोन्ही वेळा जिल्ह्याबाहेर झाले. भार मात्र तुमच्या हद्दीत उतरला. तुमच्या दवाखान्यात, तुमच्या शाळेत, तुमच्या घरपट्टीच्या वसुलीत.

हा विषय लोकप्रतिनिधींपुढे काढला की "हा केंद्राचा विषय आहे" एवढंच उत्तर मिळतं. त्या उत्तराला माझा आक्षेप आहे, म्हणून हे पत्र.

घटनेत काय लिहिलं आहे ते मी नाकारत नाही. सातव्या अनुसूचीत परदेशांशी करार, परदेशी व्यापार आणि सीमाशुल्क हे तिन्ही विषय केंद्राच्या यादीत आहेत. अनुच्छेद २५३ तर संसदेला असा अधिकार देतो, की परदेशी कराराची अंमलबजावणी करायची असेल तर राज्याच्या विषयावरही कायदा करता येईल. पण त्याच अनुसूचीत शेती, पाणी, सार्वजनिक आरोग्य आणि स्थानिक स्वराज्य संस्था राज्याच्या यादीत आहेत. म्हणजे सही दिल्लीत होते आणि निभावायचं इथे असतं. निभावणाऱ्याला आधी विचारलं पाहिजे, एवढं तरी तुम्ही मागायला हवं. आजवर ते मागितलेलं माझ्या पाहण्यात नाही.

एक काळ असा होता की व्यापाराची चढउतार महापालिकेला रोजच्या रोज कळायची. जकात होती. पिंपरी-चिंचवडला आशियातली सर्वांत श्रीमंत महापालिका म्हणत, ते या कारखान्यांच्या जकातीवर. नाक्यावरची ट्रकची रांग लहान झाली की संध्याकाळच्या भरण्यात फरक पडायचा, आणि आयुक्तांपासून नगरसेवकांपर्यंत सगळे विचारायचे की काय झालं. १ एप्रिल २०१३ पासून जकात जाऊन एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला, आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी. तेव्हापासून महापालिकांना राज्याकडून भरपाई मिळते, आणि ती दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढवून देण्याची तरतूद कायद्यातच आहे. जकात परत यावी असं मी म्हणत नाही, तिचे जाच मी माझ्या अशिलांबरोबर भोगले आहेत. पण तिच्याबरोबर महापालिकेची एक जाणीव गेली. आता चाकणची निर्यात दुप्पट झाली किंवा निम्म्यावर आली तरी तुमच्या खात्यात येणारी रक्कम ठरल्याप्रमाणेच येते. खर्च मात्र ठरल्याप्रमाणे राहत नाही.

जीएसटीचं आणखी एक अंग सांगतो, कारण ते रोज माझ्या हाताखालून जातं. जीएसटी माल जिथे खपतो तिथल्या राज्याला मिळतो, आणि निर्यातीवर तर तो शून्य दराने लागतो. आधीच्या टप्प्यांवर भरलेला कर निर्यातदाराला परत मिळतो. हे योग्यच आहे, परदेशी गिऱ्हाइकावर आपला कर कशाला लादायचा? पण त्याचा अर्थ असा, की चाकणमध्ये तयार झालेली मोटार परदेशी गेली तर तिच्या विक्रीवर महाराष्ट्राला जीएसटीचा रुपया मिळत नाही, आणि तिचा कंटेनर तळेगाव-चाकण रस्ता तुडवत न्हावाशेवा बंदराला जातो तो जातोच. त्या रस्त्यावरची कोंडी, मोशी-चिखलीतल्या पाण्याच्या टाक्या, चाकणभोवतीच्या ग्रामपंचायतींवर पडणारा हजारो नव्या रहिवाशांचा बोजा, हा सगळा निर्यातीचा स्थानिक खर्च आहे. निर्यात वाढवण्याचं धोरण ठरवताना हा खर्च कुणी मांडला आहे का? ग्रामपंचायतीला तो स्वतःच भरून काढावा लागतो.

आता उलटी बाजू. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर आधी २५ टक्के आणि २७ तारखेपासून आणखी २५, असं एकूण ५० टक्के शुल्क लावलं. पोलाद आणि ॲल्युमिनियमवर तर जूनपासूनच ५० टक्के होतं. ते दर पुढे बदलले, पुन्हा बदलतील. पण त्या महिन्यात माझ्या टेबलावर आलेला एक कागद मला तुमच्यापुढे ठेवायचा आहे. पंप आणि व्हॉल्व्हचे भाग मशीनिंग करून देणारा एक लहान कारखाना. त्याच्या मोठ्या गिऱ्हाइकाकडून दर महिन्याला शेड्यूल येतं: डावीकडे पार्ट नंबर, वर आठवडे, आणि प्रत्येक चौकटीत किती नग पाठवायचे तो आकडा. त्या महिन्याच्या शेड्यूलमध्ये सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यानंतरच्या सगळ्या चौकटींत "होल्ड" लिहिलेलं होतं. ऑर्डर रद्द नाही, फक्त होल्ड. रद्द झाली असती तर मालकाने दुसरं काम शोधलं असतं. होल्डवर असताना कास्टिंग विकत घेतलेलं, तयार भाग तेल लावून, गंज चढू नये म्हणून पिशव्यांत बांधून बिनमध्ये भरलेले, आणि दोन व्हीएमसींचा, म्हणजे कर्जावर घेतलेल्या मशीनिंगच्या यंत्रांचा, हप्ता महिन्याच्या पाच तारखेला ठरलेला.

अशा वेळी पहिला ओव्हरटाइम बंद होतो. मग कंत्राटी मुलांना ब्रेक मिळतो. मग ज्यांच्याकडे डीबरिंगचं, म्हणजे भागांच्या कडा साफ करायचं, काम जायचं त्या बायकांचं काम थांबतं. त्यांचं नाव कुठल्याच पगारपत्रकावर नसतं, त्यामुळे त्यांचं काम गेल्याची नोंदही कुठे होत नाही. मग प्लेटिंगवाला. मग टेम्पोवाला. कामगार कुटुंबासह मोशी-दिघीतली खोली सोडून गावी जातात, शाळेचं वर्ष अर्ध्यावर असताना महापालिकेच्या शाळेतून दाखले काढले जातात. जे राहतात त्यांचं ईएसआयसीचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड काही महिन्यांनी चालेनासं होतं आणि ते महापालिकेच्या वायसीएम रुग्णालयाच्या रांगेत उभे राहतात. मालक मिळकतकर पुढे ढकलतो आणि त्यावर दरमहा २ टक्के शास्ती चढू लागते. ही साखळी मी कागदावर उतरताना पाहिली आहे. तिची एकही कडी महापालिकेच्या कुठल्या अहवालात मला दिसली नाही. आणि त्या महिन्यांत विचारायचं तरी कुणाला? २०२२ पासून दोन्ही महापालिका प्रशासकांच्या हाती होत्या, सभागृहच नव्हतं. आता आहे.

चीननेही त्याच वर्षी, ४ एप्रिल २०२५ पासून, काही दुर्मीळ मृदा धातू आणि त्यांची चुंबकं यांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. विजेवर चालणाऱ्या दुचाकीच्या मोटरला ती चुंबकं लागतात. आकुर्डी-चाकणच्या पट्ट्यात त्याचा अर्थ काय झाला ते तुमच्यापैकी ज्यांचे मतदार तिथे नोकरीला आहेत त्यांना वेगळं सांगायला नको.

शेतीकडे वळतो, कारण जिल्हा परिषदेच्या सदस्यांशी मला इथे जास्त बोलायचं आहे. १९ ऑगस्ट २०२३ ला केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं. ऑक्टोबरच्या शेवटी टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य ठरवलं, म्हणजे त्याखाली परदेशी विकता येईना. ८ डिसेंबरला निर्यातच बंद केली. ४ मे २०२४ ला ती उघडली, पण ५५० डॉलरचं किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. १३ सप्टेंबरला किमान मूल्य गेलं, शुल्क २० टक्क्यांवर आलं, आणि ते २० टक्के १ एप्रिल २०२५ ला संपलं. वीस महिन्यांच्या आत सहा वेळा नियम फिरला. शहरातल्या गिऱ्हाइकाला कांदा परवडला पाहिजे हे मला मान्य आहे, मीही शहरातच राहतो. माझा प्रश्न वेळेचा आहे. ऑगस्टच्या शुल्काच्या कात्रीत चाळीत साठवलेला गरवी, म्हणजे उन्हाळी, कांदा सापडला. तो शेतकऱ्याने उन्हाळ्यात विकला नव्हता, दिवाळीपर्यंत भाव येईल म्हणून राखला होता, आणि तोवर त्याला काजळी धरू लागली होती, तळातला सडू लागला होता. डिसेंबरच्या बंदीच्या कात्रीत हळवी, म्हणजे खरिपाचा, कांदा सापडला, आणि तो तर चाळीत टिकतच नाही. काढला की बाजारात न्यावाच लागतो, भाव काय असेल तो असो. आमच्याकडे भाव दहा किलोंवर बोलला जातो. बंदीनंतरच्या लिलावांत चांगल्या कांद्याला गोल्टीचा, म्हणजे बारीक कांद्याचा, भाव सांगितला जाताना गाडीशेजारी उभं राहून ऐकावं लागलं, आणि तरी पिशव्या परत घरी नेणं परवडत नव्हतं म्हणून माल द्यावा लागला.

हे शेतकऱ्याचं झालं. संस्थांचं काय होतं? बाजार समितीचा सेस विक्रीच्या रकमेवर असतो, भाव पडला की सेस पडतो. विकास सोसायटीची कर्जवसुली थांबते. गावात घरपट्टी-पाणीपट्टी थकते. ग्रामपंचायतीने पाणीयोजनेचं वीजबिल त्यातूनच भरायचं असतं, ते थकलं की पंपाची वीज तुटते, आणि ज्या घरात कांद्याची एक पातही नाही त्या घरातलं नळाचं पाणी बंद होतं. दिल्लीतून निघालेली एक अधिसूचना गावच्या नळापर्यंत अशी पोचते. जिल्हा परिषदेने हे आकडे एकत्र करून एकदा तरी केंद्राला पाठवले असते तर, निर्णय बदलला नसता कदाचित, पण निर्णय घेणाऱ्यापुढे ते आले तरी असते.

द्राक्षांचं उदाहरण याहून बारकाईने पाहण्यासारखं आहे. २०१० मध्ये आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश सापडले म्हणून युरोपात माल अडकला आणि उत्पादक मोठ्या तोट्यात गेले. तेव्हापासून नारायणगाव-इंदापूरच्या बागायतदाराने कधी काय फवारायचं यात युरोपीय संघाच्या मर्यादांचा शब्द अखेरचा झाला. पण निर्यातीच्या बागांची नोंदणी कोण करतं? आपलंच कृषी खातं, तालुक्याच्या पातळीवर. नियम ब्रसेल्सचा आणि तो राबवणारं माणूसबळ आपलं. ते पुरेसं आहे का, त्याला गाडी आहे का, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

नगरसेवकांना वाटेल की हे झालं कारखान्यांचं आणि शेतीचं, सभागृहाच्या ठरावांशी याचा काय संबंध? संबंध करारांच्या मजकुरातच आहे. १ जानेवारी १९९५ ला जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली. तिच्या सेवा-व्यापाराच्या कराराच्या पहिल्याच कलमात "सदस्य देशाचे उपाय" म्हणजे काय ते सांगितलं आहे. केंद्र, प्रादेशिक किंवा स्थानिक सरकारांनी केलेले उपाय, असे तिथले शब्द आहेत. मालाच्या व्यापाराच्या गॅट करारातही, प्रादेशिक आणि स्थानिक सरकारं कराराचं पालन करतील यासाठी शक्य ते वाजवी उपाय देशाने करावेत, असं बंधन आहे. म्हणजे ज्या करारावर पुणे महापालिकेला कुणी काही विचारलं नाही, त्या कराराच्या दृष्टीने पुणे महापालिकेचा ठराव हा भारताचा ठराव ठरू शकतो.

हे कागदावरचं कलम आहे असं समजू नका. भारतानेच २०१६ मध्ये अमेरिकेविरुद्ध तक्रार केली, ती वॉशिंग्टनमधल्या सरकारच्या योजनांविरुद्ध नव्हती. कॅलिफोर्निया, मॅसॅच्युसेट्स, मिनेसोटा अशा आठ राज्यांनी अक्षय ऊर्जेसाठी स्थानिक मालाला दिलेल्या सवलतींविरुद्ध होती. २०१९ मध्ये निकाल भारताच्या बाजूने लागला. उलट बाजूने, आपल्या ऊसदराच्या आणि साखर निर्यातीच्या मदतीविरुद्ध ऑस्ट्रेलिया, ब्राझील आणि ग्वाटेमाला गेले आणि डिसेंबर २०२१ चा निकाल भारताविरुद्ध आला. भारताने अपील केलं आहे, पण अपील ऐकणारं मंडळच न्यायाधीशांअभावी बंद आहे, म्हणून ते प्रकरण तसंच पडून आहे. माळेगाव, सोमेश्वर, भीमाशंकर, विघ्नहर, या कारखान्यांचे सभासद तुमचेच मतदार आहेत.

गुंतवणुकीच्या करारांत तर याहून जवळची उदाहरणं आहेत. तमिळनाडू सरकारने २००८ मध्ये निस्सान कंपनीला चेन्नईजवळच्या कारखान्यासाठी करपरताव्याच्या सवलती कबूल केल्या. त्या थकल्या असं म्हणत कंपनीने २०१७ मध्ये भारत-जपान कराराचा आधार घेऊन भारत सरकारला आंतरराष्ट्रीय लवादात नेलं, मागणी होती सुमारे ५,००० कोटी रुपयांची. वचन राज्याचं, प्रतिवादी देश. २०२० मध्ये तडजोड झाली. आपल्याकडे तळेगाव, चाकण, रांजणगावला येणाऱ्या मोठ्या प्रकल्पांना राज्य अशाच सवलती देतं. महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही, दाभोळच्या एन्रॉन प्रकल्पात वीज मंडळाने वीज घेणं थांबवल्यावर परदेशी गुंतवणूकदारांनी भारत-मॉरिशस करार पुढे करून केंद्रावर दावे लावले होते.

आणि एक प्रकरण खास नगरसेवकांसाठी. मेक्सिकोत ग्वादालकासार नावाची एक छोटी नगरपालिका आहे. तिने १९९५ मध्ये एका अमेरिकी कंपनीच्या घातक कचऱ्याच्या डेपोला बांधकाम परवानगी नाकारली. गावकऱ्यांचा विरोध होता. कंपनी उत्तर अमेरिकी मुक्त व्यापार कराराखाली लवादात गेली आणि २००० मध्ये लवादाने मेक्सिकोला १ कोटी ६० लाख डॉलरहून जास्त भरपाई द्यायला सांगितलं. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी कचरा डेपोविरुद्ध किती वर्षं काढली ते पुण्याला माहीत आहे. एका नगरपालिकेच्या "नाही" ची किंमत अशी लागू शकते, हे माहीत असूनही परवानगी नाकारण्याची हिंमत सभागृहाला राहिली पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

भारत सरकारने याचा विचार केलेला आहे, हेही सांगितलं पाहिजे. डिसेंबर २०१५ मध्ये मंजूर झालेल्या गुंतवणूक कराराच्या आदर्श मसुद्यात स्थानिक शासनाचे निर्णय कराराच्या कक्षेबाहेर ठेवले आहेत. महापालिका आणि गावपातळीवरच्या संस्था त्यात येतात. हे तुमचं संरक्षण आहे. पण मसुदा हा वाटाघाटीची सुरुवात असतो, समोरच्या देशाच्या आग्रहाखातर त्यातली कलमं सुटू शकतात. प्रत्येक नव्या करारात हे कलम राहिलं की नाही, हे तपासायला सांगणारं एकही पत्र पुण्यातून गेलेलं नसेल तर ते पहिलं पत्र तुमचं असू द्या.

खरेदीचंही तसंच आहे. ब्रिटनबरोबर २४ जुलै २०२५ ला जो करार झाला त्यात सरकारी खरेदीच्या निविदा ब्रिटिश कंपन्यांना खुल्या करायचं ठरलं, पण केंद्राच्या खात्यांपुरतंच. राज्यं आणि महापालिका त्यातून बाहेर आहेत. ही मर्यादा कायम राहील असं गृहीत धरू नका, श्रीमंत देशांच्या मागणीत राज्यांच्या आणि शहरांच्या निविदा नेहमीच असतात. पिंपरी-चिंचवडचा एखादा लहान पुरवठादार महापालिकेला पाण्याचे व्हॉल्व्ह पुरवतो, ते काम उद्या कुणाकुणाला खुलं करायचं, याचा निर्णय महापालिकेला न विचारता होता कामा नये. तसं पाहिलं तर दिल्लीचा हात तुमच्या निविदांपर्यंत आधीच पोचलेला आहे. जुलै २०२० मध्ये चीनसह सीमेलगतच्या देशांतल्या निविदाधारकांवर नोंदणीची अट आली, तेव्हा केंद्राने राज्यांना निर्देश देण्याच्या अनुच्छेद २५७(१) चा आधार घेऊन ती राज्यांच्या खरेदीलाही लावली. त्या निर्णयाच्या गुणदोषांत मी जात नाही. राष्ट्रीय सुरक्षेचा प्रश्न होता. पण तुमच्या निविदेतली एक अट परराष्ट्र धोरणाने ठरवली, एवढं त्यातून स्पष्ट होतं.

पुण्याच्या कचऱ्यापर्यंतही हे जातं. घरोघरचा कचरा वेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेबरोबर गोळा करते, आणि त्या वेचकांच्या कमाईचा मोठा भाग भंगार विकून येतो. २०१८ पासून चीनने परदेशी कचरा घेणं बंद केलं तेव्हा तो कागद आणि ते प्लास्टिक जगभर गिऱ्हाईक शोधू लागलं. आयात रद्दी गिरण्यांना स्वस्त पडली की इथल्या रद्दीचा दर उतरतो. वेचकाला ती गोष्ट भंगारवाल्याच्या काट्यावर कळते. दर फारच उतरला तर तो माल उचलणंच परवडत नाही, आणि न उचललेला माल महापालिकेच्या गाडीत, तिथून डेपोवर जातो. भारताने २०१९ मध्ये प्लास्टिक कचऱ्याच्या आयातीवर बंदी घातली ती चांगलीच गोष्ट झाली. पण कागदाबद्दल महापालिकेने कधी तोंड उघडलं आहे?

दुसऱ्या देशांतल्या स्थानिक सरकारांनी तोंड उघडलेलं आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये बेल्जियममधल्या वलोनिया या प्रांताने कॅनडा आणि युरोपीय संघातला करार काही दिवस रोखून धरला आणि आपल्या शंकांची लेखी उत्तरं घेऊनच वाट मोकळी केली. वलोनियाची लोकसंख्या ३६ लाखांच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत एकट्या पुणे जिल्ह्याची होती ९४ लाख. बेल्जियमच्या घटनेने प्रांतांना तो अधिकार दिला आहे, आपल्या घटनेने दिलेला नाही, हा फरक मी लपवत नाही. पण अमेरिकेतही करार करण्याचा अधिकार राज्यांना नाही, तरी तिथे व्यापार वाटाघाटींसाठी राज्यं आणि स्थानिक सरकारांची सल्लागार समिती कायद्याच्या आधाराने बसवलेली आहे. आपल्याकडे केंद्र-राज्य संबंधांवरच्या पुंछी आयोगाने २०१० मध्येच सांगितलं होतं की राज्यांच्या विषयांना हात लावणाऱ्या करारांत राज्यांना सामील करून घ्या. केंद्र आणि राज्यांनी एकत्र बसायच्या आंतरराज्य परिषदेची बैठक जुलै २०१६ नंतर झालेली नाही. राज्यालाच जिथे बसायला जागा नाही तिथे महापालिकेला कोण बोलावणार, असं तुम्ही म्हणाल. म्हणूनच हाक इथून जायला हवी, आणि ती सभागृहाच्या ठरावाने गेली तर तिला वजन येईल.

तेव्हा माझं मागणं आहे ते असं. मुख्य सभेपुढे आणि जिल्हा परिषदेच्या सर्वसाधारण सभेपुढे पुढील आशयाचा ठराव आणा: "या संस्थेच्या हद्दीतील रोजगार, शेती, सेवा किंवा खरेदी यांवर परिणाम करू शकेल असा कोणताही आंतरराष्ट्रीय व्यापार वा गुंतवणूक करार करण्यापूर्वी केंद्र शासनाने राज्य शासनामार्फत या संस्थेचे लेखी म्हणणे मागवावे. राज्य शासनाने ते केंद्राकडे पाठविल्याची प्रत या संस्थेस द्यावी. प्रत्येक गुंतवणूक करारात स्थानिक शासनाचे निर्णय कराराच्या कक्षेबाहेर ठेवण्याचे कलम कायम असावे." जिल्हा परिषदेने त्यात आणखी एक वाक्य घालावं, की शेतमालावरची निर्यातबंदी किंवा निर्यातशुल्क हंगाम सुरू झाल्यावर लावू नये, लावायचंच तर लागवडीआधी जाहीर करावं. व्यापार धोरणावर सल्ला देणाऱ्या केंद्राच्या बोर्ड ऑफ ट्रेडवर राज्यांचे मंत्री असतात. हा ठराव तिथे मांडण्याची जबाबदारी आपल्या उद्योगमंत्र्यांवर टाका आणि काय झालं ते पुढच्या अधिवेशनानंतर लेखी विचारा.

ठरावाशिवाय जे आजच्या अधिकारांत करता येतं तेही सोडू नका. २०२३ च्या परराष्ट्र व्यापार धोरणाने प्रत्येक जिल्हा निर्यात केंद्र व्हावा म्हणून जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली निर्यात प्रोत्साहन समित्यांची चौकट दिली आहे. त्या समितीच्या बैठकांना दोन्ही महापालिकांचे आणि जिल्हा परिषदेचे प्रतिनिधी बसले पाहिजेत, आणि तिथे प्रोत्साहनाबरोबर स्थानिक खर्चाचा कागदही ठेवला गेला पाहिजे. जिल्हावार निर्यातीचे आकडे केंद्र सरकार प्रसिद्ध करतं. महापालिकेचा पर्यावरण सद्यस्थिती अहवाल दरवर्षी सभागृहापुढे येतो, तसा परदेशी व्यापाराच्या परिणामांचा एक अहवाल यावा. किती लहान उद्योगांचा मिळकतकर थकला, वायसीएमच्या बाह्यरुग्ण विभागात किती वाढ झाली, शाळांतून वर्षाच्या मध्यात किती दाखले गेले, एवढे तीन आकडे तुमच्याच खात्यांत पडून आहेत. आणि निर्यातीच्या ऑर्डर थांबल्याचा कागद जो कारखाना दाखवेल त्याच्या मिळकतकरावरची शास्ती त्या काळापुरती थांबवा. थकबाकीदारांसाठी शास्ती माफ करणाऱ्या अभय योजना निघतात, त्यांचा लाभ वर्षानुवर्षं न भरणारेही घेतात. नियमित भरणाऱ्या माणसाला वाईट सहा महिन्यांत थोडा श्वास मिळाला तर महापालिकेचं नुकसान होणार नाही, तो पुढच्या वर्षी भरायला उभा राहील.

हा अहवाल तयार करायला माणसं नाहीत असं उत्तर येईल, म्हणून आधीच सांगतो. भोसरीत आम्ही काही हिशेबनीस आणि करसल्लागार एकत्र बसतो. कारखान्यांची नावं न सांगता ऑर्डर, कामगार आणि कर यांचे आकडे दर तिमाहीला संकलित करून द्यायला आम्ही मोबदला न घेता तयार आहोत. कोणत्या विभागाकडे द्यायचे आणि कोणत्या नमुन्यात, एवढं लेखी कळवा. पहिल्या तिमाहीचं काम आम्ही हातात घेतलेलं आहे.

आपला,
एक हिशेबनीस, भोसरी